वजन वाढले, बांगड्या मात्र सैल

2024 च्या आषाढी पौर्णिमेला आम्ही केनवडला होतो. रिसोड तालुक्यातले हे गाव आमच्या आत्याचे सासर. त्या दिवशी विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू व्हायचे होते आणि आत्याने दरवर्षीप्रमाणे अष्टशील धरले होते. उंबरठ्यावर पाय ठेवतो न ठेवतो तोच आतेभावाने आनंदाची बातमी दिली. "दादा, मायचं वजन वाढलं. चार महिन्यांत सहा किलो. आता काही भेव नाही."

आत्याला यकृताचा आजार आहे. डॉक्टर ज्याला लिव्हर सिरॉसिस म्हणतात तो. यकृताचा चांगला भाग हळूहळू नासतो, त्या जागी जुन्या जखमेच्या वणासारखा निबर भाग तयार होतो आणि तो काहीच काम करीत नाही. आत्याच्या बाबतीत कारण निघाले हिपॅटायटिस बी या काविळीच्या विषाणूचे. जन्मात तिने दारूच्या थेंबाला हात लावलेला नाही. पाचवे शील तिने कधी मोडले नाही. तरी गावात कुजबुज झालीच. यकृत गेले म्हणजे दारूच असली पाहिजे, हे आपल्या लोकांच्या डोक्यातून जात नाही. दारूने यकृत जाते हे खरे आणि आपल्या वस्त्यांनी त्याचा मारही पुष्कळ खाल्ला आहे. पण बी आणि सी काविळीचे विषाणू, साखरेचा आजार, यकृतावर चढणारी चरबी यांनीही ते जाते. त्या कुजबुजीने आत्याला आजारापेक्षा जास्त पोळले. असो.

वजन वाढल्याची बातमी ऐकून आम्ही आत्याच्या हाताकडे पाहिले. ती पदर सावरायला हात वर करी तेव्हा मनगटावरच्या बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरत. ब्लाउजच्या बाह्या टाचून बारीक केलेल्या होत्या. परकराची नाडी मात्र पुरत नव्हती म्हणून तिला तुकडा जोडलेला होता. बाही सैल आणि कंबर आवळ! वाढलेले सहा किलो अंगात कुठे बसले आहेत, हे एखाद्या शिंप्याने डॉक्टरच्या आधी सांगितले असते. ते पोटात पाणी होऊन बसले होते.

जुन्या लोकांना जलोदर हा शब्द ठाऊक आहे. यकृत निबर झाले की पोटात पाणी साठते, पायांवर सूज येते. त्याच वेळी दंडाचे, मांडीचे, खांद्याचे मांस उतरत जाते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. मांस पाच किलो गेले आणि पाणी अकरा लिटर आले, तर काटा सहा किलो वाढ दाखवणार आणि घरातले पेढे वाटणार. युरोपातील यकृततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये यासाठी एक साधा हिशेब सांगितला आहे. पोटात थोडे पाणी असेल तर वजनातून 5 टक्के वजा करा, मध्यम असेल तर 10 टक्के, खूप असेल तर 15 टक्के. पायांना सूज असेल तर आणखी 5 टक्के. आत्याचे वजन 58 किलो भरले होते. पोट तट्ट फुगलेले आणि पायांवर बोट दाबले तर खळगा पडत होता. म्हणजे 20 टक्के, जवळजवळ साडेअकरा किलो वजा. खरी आत्या उरली साडेशेहेचाळीस किलोंची. आतेभावाला हा हिशेब कागदावर करून दाखवला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

मांस झिजण्याला वैद्यकात सार्कोपेनिया म्हणतात. अमेरिकेतले इर्विन रोझेनबर्ग यांनी हा शब्द सुचवला, तो 1989 मध्ये छापून आला. ग्रीक भाषेतून बनवलेल्या या शब्दाचा अर्थ मांसाचे दारिद्र्य असा होतो. दारिद्र्य म्हणजे काय हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. घरात साठवण नसली की एक आजारपण, एक नापिकी कुटुंबाला खाली बसवते. शरीराचेही तसेच आहे. यकृताच्या रोग्याला छातीचा संसर्ग झाला, पोटातले पाणी दूषित झाले, पाय घसरून पडणे झाले, तर अंगात मांसाची साठवण असलेला त्यातून उठतो आणि नसलेला अंथरुणाला खिळतो. शिवाय यकृताच्या रोग्याला मांस आणखी एका कामासाठी लागते. अन्नातल्या प्रथिनांपासून आतड्यात अमोनिया तयार होतो. निरोगी यकृत त्याचा युरिया करून लघवीवाटे बाहेर घालवते. यकृत थकले की हे काम थोडेफार स्नायू उचलतात. स्नायूही गेले की अमोनिया मेंदूपर्यंत जातो. मग रोगी दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो, हात थरथरतात आणि शेजारीपाजारी बाहेरचे काही लागले म्हणून लिंबू उतरवायला निघतात.

एवढी महत्त्वाची गोष्ट डॉक्टर मोजत का नाहीत, असा प्रश्न आम्हाला पडला. (आम्ही डॉक्टर नव्हे. जाणत्यांना विचारून आणि वाचून लिहितो.) शोध घेतला तेव्हा कळले की पूर्वी ती मोजली जात होती. अमेरिकेतील चाइल्ड आणि टरकॉट या शल्यचिकित्सकांनी 1964 मध्ये यकृताच्या रोग्यांची प्रतवारी करण्यासाठी पाच गोष्टी धरल्या. रक्तातले बिलिरुबिन, रक्तातले अल्ब्युमिन, पोटातले पाणी, मेंदूवरचा परिणाम आणि पाचवी रोग्याचे पोषण. पुढे 1973 मध्ये लंडनमधील प्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रतवारी सुधारली आणि पोषण काढून त्या जागी रक्त गोठायला लागणारा वेळ घातला. पोषण डोळ्यांनी ठरवायचे, एकाला बरा दिसणारा रोगी दुसऱ्याला खंगलेला दिसणार. रक्त गोठण्याची वेळ घड्याळात दिसते. विज्ञानाच्या दृष्टीने हा बदल समजण्यासारखा आहे. पण त्या दिवशी रोग्याचा दंड कागदावरून गेला तो गेलाच. आजही मोठ्या रुग्णालयात रोग्याच्या फायलीवर चाइल्ड-प्यूचा ए, बी किंवा सी असा शेरा दिसतो. त्यात मांसाचा हिशेब नसतो.

त्यानंतर मेल्ड नावाचा गुणांक आला. अमेरिकेत 2002 पासून यकृतरोपणाच्या रांगेत कोण पुढे हे त्यावरून ठरू लागले. तो रक्ताच्या तपासण्यांवर चालतो आणि त्यात क्रिएटिनिन ही एक तपासणी आहे. क्रिएटिनिन वाढले की मूत्रपिंड थकले असे धरतात. आता गंमत पाहा, म्हणजे गंमत कसली! हे क्रिएटिनिन बनते स्नायूंतून. ज्याचे मांसच झिजले त्याचे क्रिएटिनिन आपोआप कमी येते आणि मूत्रपिंड थकलेले असले तरी कागदावर ते ठीक दिसते. स्नायू मुळात कमी असलेल्या बायकांवर या गुणांकाने वर्षानुवर्षे अन्याय होत होता. अलीकडच्या सुधारित मेल्डमध्ये स्त्रियांना त्यासाठी थोडे जास्त गुण देतात. म्हणजे खंगलेल्या माणसाला वजनाचा काटा एकदा फसवतो आणि रक्ताचा कागद दुसऱ्यांदा.

मांसाला पुन्हा कागदावर आणण्याचे काम अनेकांनी केले. त्यातले एक नाव डॉ. जेनिफर लाय यांचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात यकृतरोपणाची वाट पाहणाऱ्या रोग्यांना तपासून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये एक मोजमाप प्रसिद्ध केले. त्यात सुई नाही, रक्त नाही. रोग्याने मुठीने दाबायच्या यंत्राची मूठ आवळायची, ते यंत्र किलोमध्ये जोर दाखवते. मग खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठून बसायचे, त्याला किती सेकंद लागले ते पाहायचे. मग तोल. पावले शेजारी-शेजारी ठेवून 10 सेकंद, एक पाऊल अर्धे पुढे ठेवून 10 सेकंद आणि टाचेला अंगठा लावून एका रेषेत 10 सेकंद उभे राहायचे. या तिन्हींतून एक आकडा काढतात. तो 3.2 च्या खाली तर माणूस दणकट, 4.5 किंवा वर तर दुबळा, मधले कुंपणावरचे. नुसत्या रक्ताच्या गुणांकापेक्षा हा आकडा जोडीला घेतला तर कोणाचा जीव धोक्यात आहे हे जास्त बरोबर कळते, असे त्यांना दिसून आले.

दुसरा मार्ग सीटी स्कॅनचा. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर शरीराचा जो आडवा छेद चित्रात दिसतो, त्यातल्या स्नायूंचे क्षेत्रफळ मोजतात आणि उंचीच्या वर्गाने भागतात. पुरुषांत 50 आणि स्त्रियांत 39 चौरस सेंटिमीटरच्या खाली आले तर मांस कमी, असे अमेरिकेतल्या रोग्यांवरून ठरले आहे. यकृतासाठी ज्यांचा सीटी आधीच काढलेला आहे त्यांच्या त्याच चित्रावरून हे काढता येते. म्हणून जुन्या फिल्म आणि सीडी पेटीत जपून ठेवाव्यात. पण केवळ यासाठी कर्ज काढून नवा सीटी करायला धावू नये.

आत्याला मग एका शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेले. तिथे मुठीचे यंत्र होते. तीनदा दाबून सरासरी आली 13 किलो. आशियातील तज्ज्ञांच्या गटाने 2019 मध्ये पुरुषांसाठी 28 आणि स्त्रियांसाठी 18 किलो ही मर्यादा सांगितली आहे. त्याखाली जोर आला तर तो कमी समजावा. आत्या बरीच खाली होती. इथे आमचे एक म्हणणे आहे, ते डॉक्टरांपुढेही मांडले. हे आकडे बहुतांशी पूर्व आशियातल्या लोकांवरून निघालेले आहेत. दुसरे असे की ज्याने वीस वर्षे टिकाव-फावडे चालवले, हमाली केली, त्याची मूठ आधीच लोखंडाची असते. असा माणूस 42 वरून 31 वर आला तरी कागदावर तो ठीकच ठरेल, प्रत्यक्षात त्याने चौथा हिस्सा जोर गमावलेला असेल. म्हणून कष्टकरी माणसाचा आकडा त्याच्याच मागच्या आकड्याशी ताडून पाहावा. डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढच्या खेपेला पुन्हा मोजू म्हणाले.

मुठीचे यंत्र केनवडला मिळणार नाही. पण खुर्ची आहे आणि मोबाइलमध्ये सेकंदाचे घड्याळही आहे. आत्याची नात नर्सिंगला शिकते. तिने अंगणात प्लॅस्टिकची खुर्ची मागितली, आम्ही ती भिंतीला टेकवून ठेवली, कारण या खुर्च्या सरकतात. हात छातीवर घडी घालून बसायचे, पूर्ण ताठ उठायचे, पूर्ण बसायचे, असे पाच वेळा. 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पायांत जोर कमी, असे आशियाई गटाचे माप आहे. आत्या तीनदा उठली. चौथ्यांदा अर्ध्यातून खाली बसली आणि हसू लागली. "मायासंग काय खेळ लावला व पोरी? सोयाबीन सोंगाले चार बायांच्या म्होरं राहत होती मी." हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. दिवसभर वाकून सोंगणी करणाऱ्या बाईला खुर्चीवरून पाचदा उठता येत नाही, हे तिला त्या क्षणापर्यंत कोणी दाखवून दिले नव्हते. घरात ती भिंत धरून उठे, खाटेचा गात धरून उठे, आणि सगळ्यांना वाटे की वयामुळे होत असेल.

दंडाचेही माप घेतले. अंगणवाडीताई लहान लेकरांच्या दंडाला पट्टी लावतात ते आपण पाहिले आहे. मोठ्यांसाठी शिंप्याची टेप चालते. खांद्याचे हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करायची, हात सैल सोडायचा आणि टेप न आवळता माप घ्यायचे. दर महिन्याला त्याच हाताचे, त्याच जागी. पोटरी मोजू नये असे आम्ही का म्हणतो ते सुजाण वाचकांच्या लक्षात आले असेल. सूज पायांवर उतरते, दंडावर सहसा नाही. एक सावधगिरी मात्र हवी. उठाबशीची परीक्षा रोग्याने एकट्याने करू नये, कोणीतरी शेजारी उभे असावे आणि चक्कर येत असेल तर ती करूच नये. रक्ताची उलटी, काळी शौच किंवा बोलण्यात घोटाळा दिसला तर मोजमाप गेले खड्ड्यात, आधी दवाखाना गाठावा.

आता ज्या गोष्टीने आम्ही खरे चिडलो ती सांगतो. आत्या काय खाते म्हणून विचारले तर कळले, दोन भाकरी, दुधीची भाजी, थोडा भात, चहा. डाळ बंद, अंडी बंद, दूध बंद. कुठल्याशा दवाखान्यात कोणीतरी सांगितले होते की यकृत खराब आहे तर प्रथिने घेऊ नका, डोक्यावर परिणाम होईल. हा सल्ला एके काळी सगळीकडेच देत असत. पण 2004 मध्ये स्पेनमधील बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी मेंदूवर परिणाम झालेल्या रोग्यांनाच पूर्ण प्रथिने देऊन पाहिली. बंदीचा काही फायदा नाही, हे दिसले. उलट प्रथिने तोडली की शरीर स्वतःचेच मांस खाऊ लागते, स्नायू कमी होतात आणि अमोनिया उचलणारा दुसरा हातही जातो. म्हणजे ज्या भीतीने डाळ बंद केली तीच भीती डाळ बंद करून घरात आणली! आजचे मार्गदर्शन असे की पाणी वजा केलेल्या वजनाच्या दर किलोला रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने हवीत. आत्याला 55 ते 70 ग्रॅम. तिच्या पोटात जात होती जेमतेम वीस-पंचवीस.

हा खड्डा महागड्या डब्यांनी भरायचा नाही. दोन अंडी म्हणजे 12 ग्रॅम. चाळीस ग्रॅम तुरीच्या डाळीचे घट्ट वरण म्हणजे 9. दोन पेले दूध 13. मूठभर बिनमिठाचे फुटाणे 6. दोन भाकरींचे 13. पंचवीस ग्रॅम सोयावडीतून 12 मिळतात. वाशिम जिल्ह्यात रानोमाळ सोयाबीन पिकते. ते सारे पोत्यांत भरून बाजारात जाते आणि त्याच सोयाबीनची वडी आपण पुडीतून विकत आणतो. घरी मात्र त्याला 'हे काय खायचं' म्हणतात. पोटात पाणी असल्यामुळे मीठ कमी करावे लागते, लोणचे-पापड बंद. पण मीठ इतकेही तोडू नये की रोगी ताटच सरकवून देईल. लिंबू, कोथिंबीर, जिरे, लसूण यांनी चव राखता येते. ज्यांच्या डोक्यावर परिणाम झालेला आहे त्यांना मांसापेक्षा डाळ आणि दूध जास्त मानवते, असा अनुभव आहे. मूत्रपिंडाचा किंवा साखरेचा आजार जोडीला असेल तर आमचा हिशेब डॉक्टरांना दाखवूनच वापरावा.

आणि मग अष्टशीलाचा प्रश्न आला. आत्याने साडेअकराला जेवण उरकले होते, आता दुसऱ्या दिवशी सकाळीच. म्हणजे अठरा-एकोणीस तास उपाशी. निरोगी बाईला त्याचे काही नाही. पण यकृताच्या रोग्याकडे रात्रीपुरता साठाच नसतो. निरोगी माणूस दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यावर त्याचे शरीर जसे स्वतःला जाळू लागते, तसे या रोग्याचे एका रात्रीच्या उपासात होते. म्हणून दोन खाण्यांत दिवसा तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नको आणि झोपताना काहीतरी हवेच. एक पेला दूध आणि दोन केळी, किंवा दुधात ज्वारीच्या लाह्या. आम्ही हे सांगितले तर आत्या ऐकेना. "शील मोडू काय म्या? आधीच लोक काय म्हनतात." शेवटी संध्याकाळी विहारात भंतेजींनाच विचारले. त्यांनी सांगितले की विनयात आजारी भिक्खूलाही दुपारनंतर तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ औषध म्हणून घेण्याची मुभा आहे. आजारी उपासिकेने पंचशील घ्यावे आणि वेळेवर जेवावे. आत्याने त्यांच्यासमोर मान हलवली आणि घरी येऊन दूध प्याली. आमचे पानभर विज्ञान जिथे हरले तिथे भंतेजींची दोन वाक्ये चालली, हे नमूद केले पाहिजे.

हालचालीबद्दल थोडक्यात सांगतो. जड ओझे उचलू नये, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना ते घातक ठरू शकते. पण खाटेवर पडूनही राहू नये. डॉक्टरांनी होकार दिला की रोज थोडे चालणे आणि हीच खुर्चीची उठाबशी औषध म्हणून करावी.

हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी आणि औषधे 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. आत्याची गोळी तिथूनच येते. घरात एकाला बी निघाला तर बाकीच्या सर्वांनी रक्त तपासून घ्यावे आणि ज्यांना नाही त्यांनी लस टोचून घ्यावी. आतेभावाच्या घरात हे अजून अर्धेच झाले आहे, त्याबद्दल आम्ही त्याला चारचौघांत बोललो. वाशिमला 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. तिथे किंवा अकोल्याला जाताना रोग्याच्या वजनाबरोबर दंडाचे माप आणि उठाबशीचे सेकंद लिहिलेला कागद न्यावा. कोणी विचारले नाही तरी टेबलावर ठेवावा.

अश्विन पौर्णिमेला वर्षावासाच्या समाप्तीसाठी आम्ही पुन्हा केनवडला गेलो. पाण्याच्या गोळ्यांनी आत्याचे पोट उतरले होते आणि वजन 58 वरून 51 वर आले होते. या वेळी आतेभाऊ घाबरला नाही. मूठ 13 ची 14 झाली होती, एवढीच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नातीने निळ्या पेनाने लिहून ठेवले होते. श्रावणात चार वेळा, हात टेकून. भाद्रपदात पाच वेळा, 24 सेकंद. आणि त्या दिवशीच्या चौकटीत, पाच वेळा, 19 सेकंद. आत्याने खुर्ची स्वतः भिंतीला नीट टेकवून ठेवली, त्या आकड्याखाली बोट ठेवले आणि नातीला विचारले, "पुढच्या पुनवेले किती याले पायजे व?"